न्यूझीलंडच्या टपाल तिकिटांवरील माओरी नेतृत्व आणि वारसा

टपालखुणा (धागाकर्ता)

न्यूझीलंडच्या टपाल खात्याने ४ जून १९८० रोजी पाच तिकिटांचा एक संच काढला. १५ सेंटच्या तिकिटावर ते हेउहेउ, २५ सेंटवर ते हाउ, ३५ सेंटवर ते पुएआ, ४५ सेंटवर सर आपिराना न्गाता आणि ६० सेंटवर ते आता-ओ-तू, अशी पाच माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी समाजाची, माणसे त्यात नावानिशी आहेत. त्या देशाच्या टपाल इतिहासात मला हा संच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या विषयावर एका फ्रेमचे, म्हणजे सोळा पानांचे, प्रदर्शन मांडण्याच्या तयारीत असल्यामुळे माझी मांडणी आपल्यासारख्या जाणकारांपुढे ठेवून तिच्यातले कच्चे दुवे समजून घ्यावेत, या हेतूने हा धागा काढत आहे.

न्यूझीलंडची पहिली तिकिटे १८५५ सालची असून त्यांवर राणी व्हिक्टोरिया आहे. देशातील डोंगर, सरोवरे आणि पक्षी तिकिटांवर आले ते १८९८ च्या चित्रसंचात, आणि त्यातील ८ पेनीच्या तिकिटावर माओरींची युद्धनौका, म्हणजे वाका, दिसते. याच संचात ४ आणि ९ पेनीच्या तिकिटांवर तारावेरा पर्वताजवळची प्रसिद्ध श्वेत आणि गुलाबी सोपानकुंडे आहेत. ती तिकिटे छापली गेली तेव्हा ही कुंडे नेहमीच्या रूपात उरलेलीच नव्हती, कारण १० जून १८८६ च्या तारावेरा उद्रेकात ती नाहीशी झाली होती. त्या रात्री सुमारे १२० माणसे मेली आणि त्यांतील बहुतेक सगळी माओरी होती. जगभरातून येणाऱ्या प्रवाशांना होडीतून कुंडांपर्यंत नेण्याचे, त्यांना वाट दाखवण्याचे आणि त्यांच्या मुक्कामाचे सगळे काम तुहोरांगी जमातीच्या हाती होते, आणि उद्रेकाने त्यांची गावे व उपजीविका दोन्ही गिळली. तिकिटावर कुंडे आहेत, पाणी आहे, पण ज्यांची ती जागा होती त्यांची काहीही खूण नाही.

पुढचा टप्पा १९०६ चा. क्राइस्टचर्चच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनानिमित्त निघालेला चार तिकिटांचा संच हा देशाचा पहिला स्मारक संच होय. अर्ध्या पेनीवर माओरींचे १३५० मधील आगमन, १ पेनीवर माओरी कला, ३ पेनीवर १७६९ मध्ये उतरणारा कॅप्टन कुक आणि ६ पेनीवर १८४० मध्ये न्यूझीलंड ब्रिटिश राज्याला जोडले जाणे, असा त्याचा क्रम आहे. चित्रे लुई स्टील या चित्रकाराची. याच स्टीलने चार्ल्स गोल्डीच्या जोडीने माओरींच्या आगमनाचे जे मोठे तैलचित्र काढले होते, त्यात महासागर ओलांडणारे दर्यावर्दी उपाशी, खंगलेले आणि दैवाच्या हवाली झालेले दाखवले आहेत, आणि त्याबद्दल त्या चित्रावर पुढे कडक टीका झाली. तारे, लाटा आणि पक्ष्यांच्या हालचाली वाचत हजारो किलोमीटर नौका हाकणाऱ्या लोकांचे ते चित्रण अन्यायाचे आहे, असेच मीही म्हणेन. १३५० हे सालही आता टिकत नाही. त्या वर्षी नौकांचा एकच मोठा ताफा आला ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी वंशावळींवरून बसवलेल्या हिशेबाची होती, आणि आजचे पुरातत्त्व वसाहतीचा आरंभ साधारण तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मानते.

१९३५ चा चित्रसंच तर आपल्यापैकी अनेकांच्या अल्बममध्ये असेल. त्यातील दीड पेनीचे तिकीट भिंगाखाली धरावे. उकळत्या झऱ्याच्या काठाशी एक माओरी स्त्री अन्न शिजवत आहे, आणि इतक्या लहान जागेत कोरणाऱ्याने वाफही दाखवली आहे. २ पेनीवर कोरीव काम केलेले माओरी घर, ३ पेनीवर माओरी मुलगी आणि ९ पेनीवर माओरी नक्षीचा फलक आहे. त्याच संचाच्या २ शिलिंगच्या तिकिटावर कॅप्टन कुक पॉव्हर्टी बे येथे उतरतो आणि तिथे त्याचे नाव स्पष्ट छापलेले आहे. झऱ्याकाठच्या बाईला आणि त्या मुलीला नाव नाही. त्या काळातील माओरी समाज नेत्यांवाचून होता असे मुळीच नव्हते. न्गाता तेव्हा संसदेत होते आणि ते पुएआ वायकाटो नदीच्या काठी एक गाव उभे करत होत्या.

मला स्वतःला जपून ठेवावेसे वाटते ते १८ जुलै १९५५ चे २ पेनीचे तिकीट. न्यूझीलंडच्या तिकिटांना शंभर वर्षे झाली म्हणून निघालेल्या तीन तिकिटांपैकी एकावर राणी एलिझाबेथ, एकावर डीसी-३ विमान आणि एकावर माओरी टपालवाहक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उत्तर बेटावर रस्ते नव्हते तेव्हा डोंगर, दलदली आणि नद्या ओलांडून पायी टपाल नेण्याचे काम माओरी वाहकांनी केले. नाव याही माणसाला नाही, परंतु तो शोभेसाठी उभा नाही. ज्या खात्याचे हे तिकीट आहे ते खातेच त्याच्या पायांवर चालले, एवढे तरी त्यात मान्य केलेले आहे.

या पार्श्वभूमीवर १९८० च्या संचाकडे पाहावे. आता माझे दोन प्रश्न. नेतृत्वावरच्या प्रदर्शनात ही जुनी, अनाम तिकिटे घ्यावीत का? आणि क्रम तिकिटे निघाल्याच्या सालाप्रमाणे लावावा की त्यांवरील व्यक्तींच्या आयुष्याप्रमाणे?

वायकाटोकाठ

धागा काढल्याबद्दल आभार. मी गेली काही वर्षे हॅमिल्टन येथे राहतो आणि तुरंगावाएवाए मराए (मराए म्हणजे माओरी समाजाचे सभास्थान) येथून फार दूर नाही, त्यामुळे ३५ सेंटच्या तिकिटाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण पुष्कळ कॅटलॉगांत त्यांच्या नावापुढे 'राजकन्या' एवढाच शब्द असतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

ते पुएआ हेरांगी यांचा जन्म १८८३ चा. त्यांची आई तिआहुइया ही दुसरे माओरी राजे तावहिआओ यांची कन्या. माओरी राजेपद, म्हणजे किंगीतांगा, १८५८ मध्ये स्थापन झाले आणि पोताताउ ते व्हेरोव्हेरो हे पहिले राजे झाले. जमिनीची विक्री थांबवावी आणि विखुरलेल्या जमातींना एका छत्राखाली आणावे, हा त्यामागचा विचार होता. जुलै १८६३ मध्ये ब्रिटिश सैन्याने मांगातावहिरी ओढा ओलांडून वायकाटोवर स्वारी केली आणि युद्धानंतर सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त झाली. ते पुएआ जन्मल्या त्या पराभवाच्या छायेत.

पहिल्या महायुद्धात सरकारने १९१७ मध्ये माओरींना सक्तीची सैन्यभरती लागू केली, आणि प्रत्यक्षात तिचा बडगा उगारला तो वायकाटो-मानियापोतो भागावरच. शस्त्र पुन्हा उचलू नये ही तावहिआओंची शिकवण ते पुएआंनी प्रमाण मानली आणि भरती नाकारणाऱ्या तरुणांना मांगातावहिरी येथील आपल्या ते पाइना वसाहतीत एकत्र ठेवले. जून १९१८ मध्ये पोलीस तिथे आले, तरुणांना उचलून ऑकलंडजवळच्या नॅरो नेक छावणीत नेले, आणि त्यांतील अनेकांनी तिथेही गणवेश अंगावर घालण्यास नकार दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस इन्फ्लुएन्झाची साथ आली. माओरींमधील मृत्यूचे प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांच्या सुमारे आठ पट होते. ते पुएआंनी अनाथ झालेली शंभरेक मुले आपल्या पंखाखाली घेतली, आणि १९२१ पासून न्गारुआवाहिया येथे, जप्तीत गेलेल्या भूमीवर परत जमीन मिळवून, तुरंगावाएवाए उभारायला सुरुवात केली. झुडपांनी माजलेली ती नदीकाठची जागा लोकांनी हातांनी साफ केली. पैसा कमी पडू लागला तेव्हा त्यांनी गाणी आणि नृत्ये सादर करणारे पथक काढून उत्तर बेटावर दौरे केले आणि पैसे उभे केले.

ज्या बाईच्या वसाहतीत सरकारी पोलीस शिरले, तिचाच चेहरा बासष्ट वर्षांनी सरकारी टपाल खात्याने छापला. आपल्या फ्रेममध्ये या तिकिटाला पूर्ण पान द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

किंगीतांगाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, २००८ मध्ये, न्यूझीलंड पोस्टने त्यावरही तिकिटे काढली. व्यक्तीकडून संस्थेकडे जाणारा हा दुवा आपल्या मांडणीत यायला हवा. ते आरिकिनुई ते आताइरांगिकाहू १९६६ ते २००६ अशी चाळीस वर्षे गादीवर होत्या, त्यांच्यानंतर तुहेइतिया, आणि ५ सप्टेंबर २०२४ पासून त्यांची कन्या न्गा वाइ होनो इ ते पो. ही परंपरा इथे रोजच्या जगण्यात आहे. मार्चमध्ये नदीवर वाकांची शर्यत भरते तेव्हा ती पाहायला सगळ्या समाजांचे लोक येतात.

जुनी_पाकिटे

क्रमाविषयी नंतर लिहितो. आधी संग्राहकाच्या दृष्टीने काही सूचना.

१८९८ च्या संचाची पहिली छपाई लंडनच्या वॉटरलो कंपनीची आहे, नंतरची वेलिंग्टनमधली. अडीच पेनीच्या तिकिटावर वाकाटिपु सरोवराचे नाव पहिल्या छपाईत चुकीचे, 'वाकिटिपु' असे पडले आणि मग दुरुस्त झाले. माओरी स्थळनाव लंडनमध्ये बसून कोरताना ते तपासून घ्यावे असे कोणाला वाटले नाही, ही गोष्ट आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे, म्हणून दोन्ही तिकिटे शेजारी लावावीत. १९०६ च्या १ पेनीच्या तिकिटाची गडद तांबड्या रंगातील आधीची छपाई दुर्मीळ आणि महाग आहे, तिच्या मागे लागू नये. नेहमीच्या रंगातले तिकीट विषयाचे काम तेवढेच करते. १९३५ च्या संचात वॉटरमार्क पाहावा, कारण १९३५ च्या छपाईत तो एकेरी आणि १९३६ पासून अनेक खुणांचा आहे. परीक्षक कॅम्पबेल पॅटरसनचा कॅटलॉग जवळ ठेवून बसतात, तेव्हा वर्णने त्याच्याशी जुळवून घ्यावीत. विषयप्रदर्शनात चित्र-पोस्टकार्डांना जागा नसते, परंतु त्या काळात प्रत्यक्ष टपालातून गेलेली पाकिटे आवश्यक असतात. न्गारुआवाहियाचा शिक्का असलेले, १९८० च्या संचातील ३५ सेंट लावलेले पाकीट मिळाले तर ते पान आपोआप उभे राहील.

आणखी दोन संच सुचवतो. १९७१ च्या नित्य वापराच्या तिकिटांत १५ सेंटवर माओरी गळ, १८ सेंटवर गदा आणि २० सेंटवर गोंदणाचा नमुना आहे. २ मार्च १९८८ च्या संचात ४० सेंटची सहा तिकिटे आहेत आणि त्यांवर सभागृहाच्या वाशांवर रंगवतात ती कोव्हाइव्हाइ नक्षी आहे. त्यातला मांगोपारे हा नमुना मी वारंवार पाहतो. तांबडा, काळा आणि पांढरा, एवढ्याच रंगांत एकमेकांत अडकलेल्या वळ्यांमधून हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कचे रूप निघते. झुंजता झुंजता मरेपर्यंत हार न मानणारा तो मासा, म्हणून नक्षीत त्याला चिवटपणाचा मान. १९३५ च्या ९ पेनीच्या फलकाशेजारी ही सहा तिकिटे ठेवली तर नक्षी कोणत्या तऱ्हेने हाताळली जात होती आणि नंतर काय बदलले, हे पाहणाऱ्याला आपोआप कळेल.

नीलांबरी

सर्वांचे लेखन मनापासून वाचले. एक शंका मात्र स्पष्टपणे मांडते.

माओरी विचारात मस्तक हा शरीराचा अत्यंत पवित्र, तापु, भाग मानला जातो. पूर्वजांचा चेहरा तिकिटावर छापायचा, त्याच्या मागच्या बाजूला जीभ लावायची आणि मग त्या चेहऱ्यावर काळा शिक्का ठोकायचा, हा सन्मान कसा होतो? दुसरी गोष्ट, ज्या राज्याने जमीन जप्त केली त्याच राज्याने पूर्वजांचे चित्र काढून द्यावे आणि ते विकून महसूलही घ्यावा, यात एक सोयीस्करपणा आहे. तिकीट काढायला फारसे काही लागत नाही. जमीन परत द्यायला लागते. निवडही पाहावी. न्गाता हे संसद सदस्य आणि मंत्री होते. त्यांना तिकिटावर घेणे राज्याला अवघड नव्हते.

टपालखुणा

नीलांबरीताई, आपली पहिली शंका गंभीर आहे आणि तिला वळसा घालून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. तापुची जाणीव प्रदर्शनाच्या मांडणीतही असायला हवी. म्हणून चेहऱ्यावर शिक्का पडलेली सुटी तिकिटे मी ठेवणार नाही. कोरी तिकिटे घेईन, आणि पाकिटे निवडताना शिक्का कडेला पडलेली घेईन.

निवडीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. न्गाता (१८७४ ते १९५०) हे न्यूझीलंडच्या विद्यापीठातून पदवी घेणारे पहिले माओरी. १९०५ ते १९४३ अशी अडतीस वर्षे ते संसदेत होते. मंत्री म्हणून त्यांनी माओरींच्या ताब्यात उरलेली जमीन कसण्यासाठी सरकारी पैसा वळवला, आणि त्याच कामातील हिशेबांवर चौकशी आयोग बसल्यावर १९३४ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारच्या आत राहून सरकारशी भांडणाऱ्या माणसाचे आयुष्य सोपे नसते. १९२७ साली रोटोरुआ येथे कोरीव कामाची शाळा सुरू झाली तीही त्यांच्या प्रयत्नांनी, आणि त्या शाळेच्या कारागिरांनी पुढे ठिकठिकाणची सभागृहे कोरली. ५० डॉलरच्या नोटेवरही तेच आहेत.

ते हेउहेउ हे घराणे न्गाती तुव्हारेतोआ जमातीच्या प्रमुखांचे. याच घराण्यातील होरोनुकु यांनी १८८७ मध्ये तोंगारिरो, न्गाउरुहोए आणि रुआपेहू या पर्वतांची शिखरे राणीकडे सोपवली. जमिनीची न्यायालये तुकडे पाडून ती शिखरे कोणालाही विकू शकली असती. त्यापेक्षा कोणाचीच खासगी मालमत्ता होऊ नयेत असा मार्ग त्यांनी काढला, आणि त्यातून देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान घडले. ते आता-ओ-तू तर न्गाई ताहू जमातीचे योद्धे होते. हा संच एकाच साच्यातील लोकांचा नाही.

वायकाटोकाठ

ताई, तापुविषयी इथे जे पाहतो ते सांगतो. पूर्वजांचे चेहरे लपवण्याची रीत नाही. सभागृहाच्या भिंतींवर दिवंगतांची छायाचित्रे ओळीने लावलेली असतात, आणि गॉटफ्रीड लिंडाउअर या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकात काढलेल्या माओरी व्यक्तिचित्रांपुढे त्यांचे वंशज आजही उभे राहून बोलतात, रडतात. चेहरा कुठे ठेवला जातो आणि त्याच्याशी कसे वागले जाते, याला महत्त्व आहे. जेवणाच्या टेबलावरच्या कापडावर चेहरा छापला तर तो अपमान होतो. तिकीट कोणत्या बाजूला पडते, यावर इथे लोकांची मते वेगवेगळी असू शकतात, आणि तो निर्णय त्यांचाच आहे.

जमिनीविषयी आपण म्हणता ते खरे आहे. वायकाटो जप्तीबद्दल राज्याची क्षमायाचना आणि १७ कोटी डॉलरची तडजोड आली ती १९९५ मध्ये, आणि त्या कायद्यावर नोव्हेंबरमध्ये राणी एलिझाबेथने स्वतः सही केली. त्याच वर्षी फेब्रुवारी अखेरपासून मे महिन्यापर्यंत व्हांगानुई येथे पाकाइतोरेच्या बागेत माओरींनी ठिय्या दिला होता. सर्व दाव्यांची मिळून एक अब्ज डॉलर ही कमाल रक्कम सरकारने आधीच ठरवून टाकल्याचा राग त्यामागे होता.

अनुराधा_म

१९९५ चा विषय निघाला म्हणून लिहिते. त्या वर्षी माओरी भाषा वर्ष पाळले गेले आणि त्यावर स्वतंत्र संच निघाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध न्यूझीलंडकरांचा जो संच आला, त्यात १ डॉलर ५० सेंटच्या तिकिटावर डेम फिना कूपर आहेत. आपल्याकडे हा संच बऱ्याच क्रिकेटप्रेमींनी घेतला, कारण त्यात १ डॉलर ८० सेंटवर सर रिचर्ड हॅडली आहेत. माझ्या वडिलांच्या अल्बममध्ये तो हॅडलीसाठीच आलेला होता आणि त्यांच्या शेजारच्या वृद्ध बाई कोण, हे मी पुष्कळ उशिरा शोधले.

फिना कूपर (१८९५ ते १९९४) या माओरी स्त्रियांच्या कल्याण संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष. १४ सप्टेंबर १९७५ रोजी उत्तर बेटाच्या टोकाला असलेल्या ते हापुआहून त्या नातीचा हात धरून निघाल्या, तेव्हा त्यांचे वय ७९ होते. माओरींची आणखी एकही एकर जमीन जाऊ देणार नाही, ही मागणी घेऊन निघालेला तो मोर्चा सुमारे १००० किलोमीटर चालत १३ ऑक्टोबरला वेलिंग्टनच्या संसदेपुढे पोहोचला आणि ६०,००० सह्यांचे निवेदन दिले गेले. वाटेत प्रत्येक मुक्कामाला गावकऱ्यांच्या मराएत जेवण आणि निवारा मिळाला, आणि पुलांवरून जाताना वाहने थांबवून लोक पाहत राहिले. त्याच आठवड्यात, १० ऑक्टोबरला, माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातील १८४० च्या वाइतांगी करारासंबंधीचा कायदा झाला आणि त्यातून कराराच्या भंगाचे दावे ऐकणारे वाइतांगी न्यायाधिकरण आले. पुढच्या सगळ्या तडजोडींचे दार तिथे उघडले.

नीलांबरीताईंच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हेच आहे. १९८० चा संच मोर्चानंतर पाच वर्षांनी आला. तिकिटाने मान दिला असे म्हणण्यापेक्षा लोकांनी रस्त्यावर उतरून मान मिळवला आणि टपाल खाते त्यांच्यामागून आले, असे मला वाटते. तो क्रम प्रदर्शनात दिसावा.

कृष्णाकाठचा

युद्धाच्या बाजूने एक पान सुचवू इच्छितो. २०११ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या न्यूझीलंडच्या सैनिकांवर जो मोठा संच निघाला, त्यात सेकंड लेफ्टनंट ते मोआनानुई-आ-किवी न्गारिमु आहेत. न्गाती पोरोउ जमातीचा हा तरुण २८ व्या माओरी बटालियनमध्ये होता. २६ मार्च १९४३ रोजी ट्युनिशियातील तेबागा खिंडीजवळ टेकडी २०९ च्या चढावर त्याने आपली तुकडी नेली, जखमी होऊनही रात्रभर जागा सोडली नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मारला गेला. पदक त्याच्या आईवडिलांना रुआतोरिया येथे ऑक्टोबर १९४३ मध्ये देण्यात आले. ही बटालियन माओरी अधिकाऱ्यांच्या हाताखाली लढावी यासाठी न्गातांनी आटापिटा केला होता. सुमारे ३६०० जण तिच्यातून गेले आणि ६४९ परत आले नाहीत.

आपल्या वाचकांसाठी इथे एक खरा दुवा आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीतील कॅसिनो या गावाचे रेल्वे स्टेशन घेण्यासाठी माओरी बटालियनच्या दोन कंपन्या पुढे गेल्या, त्याच वेळी वरच्या मठाच्या डोंगरावर चौथी भारतीय डिव्हिजन हल्ला करत होती. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर न्यूझीलंड डिव्हिजन आणि आठवी भारतीय डिव्हिजन शेजारीशेजारी उतरल्या. त्या दिवशी नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून आणि खोल पाण्यातून दोन जखमी साथीदारांना ओलांडून आणले, मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. एकाच नदीकाठी, एकाच रात्री माओरी आणि मराठे लढत होते. हे आपल्या फ्रेमच्या विषयात बसत नाही हे मला मान्य आहे, पण न्गारिमुंच्या पानाखालच्या मजकुरात एक ओळ द्यायला हरकत नसावी.

ज्यांच्या घरच्या पुरुषांना १९१८ मध्ये सक्तीने छावणीत नेले, ते वायकाटो आणि ज्यांनी स्वखुशीने बटालियन उभी केली, ते न्गाती पोरोउ, हे दोन्ही एकाच प्रदर्शनात येतील. ते पुएआ आणि न्गाता यांचे वैयक्तिक संबंध जिव्हाळ्याचे होते आणि न्गातांनी तुरंगावाएवाएच्या उभारणीला साथही दिली. नेतृत्व म्हणजे एकमत असे समजण्याची चूक त्यामुळे टळेल.

जुनी_पाकिटे

१९९० विसरू नये. वाइतांगी कराराला दीडशे वर्षे झाली त्या वर्षी वारसामालिकेतील सहावा संच माओरींवर निघाला. त्यात रांगी आणि पापा यांची, म्हणजे आकाशपिता आणि धरणीमाता यांची कथा, पिसांचा झगा, गोंदण, वाकाचे कोरीव नाक आणि हाका, म्हणजे सामूहिक युद्धनृत्य, आहे. त्याच मालिकेच्या कर्तबगार व्यक्तींच्या संचात १ डॉलर ५० सेंटवर पीटर बक, म्हणजे ते रांगी हिरोआ आहेत. डॉक्टर, सैनिक, मानववंशशास्त्रज्ञ, आणि १९३६ पासून १९५१ मध्ये मृत्यू होईपर्यंत होनोलुलुच्या बिशप संग्रहालयाचे संचालक. तिथून त्यांनी आणि न्गातांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे संग्रहित आहेत. टपालाच्या प्रदर्शनात दोन नेत्यांचा पत्रव्यवहार यायलाच हवा.

नीलांबरी

अनुराधाताईंनी मांडलेला क्रम मला पटला. माझा आक्षेप मी मागे घेत नाही, परंतु तो प्रदर्शनाच्या मजकुरात नोंदवला जाईल एवढे मला पुरे आहे. मातारिकीच्या तिकिटांचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून करते. २००८ पासून त्या नक्षत्रावर न्यूझीलंड पोस्टने तिकिटे काढली. एका वर्षी हेइतिकी (गळ्यात घालायची कोरीव मानवाकृती), दुसऱ्या वर्षी पतंग असे विषय होते. आपण ज्यांना कृत्तिका म्हणतो तेच हे तारे, आणि जूनच्या अखेरीस पहाटे ते पुन्हा दिसू लागले की माओरी नववर्ष सुरू होते. २०२२ पासून त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते. १९३५ च्या संचात माओरी जीवन पाहुण्यांना दाखवायचे होते. मातारिकीची तिकिटे त्यांच्या पंचांगाप्रमाणे निघतात.

टपालखुणा

सर्वांच्या सूचनांनंतर मांडणी अशी ठरवत आहे. तिकिटे निघाल्याच्या सालाप्रमाणे क्रम राहील, कारण राज्याची नजर कशी बदलली हे त्यातूनच कळते. पहिली चार पाने १८९८ ते १९५५. तिथे अनाम तिकिटे ठेवणार आहे, आणि प्रत्येक पानावर त्याच वर्षी प्रत्यक्षात काम करत असलेल्या एका माओरी नेत्याचे नाव व काम मजकुरात देईन, म्हणजे तिकिटावर जे नाही ते वाचणाऱ्याला दिसेल. 'वाकिटिपु' आणि दुरुस्त तिकीट पहिल्याच पानावर. त्यानंतर एक पान १९७५ च्या मोर्चाचे. तिकीट १९९५ चे असले तरी क्रमाचा नियम तिथे मोडून फिना कूपर १९८० च्या आधी येतील. मग पाच पाने १९८० च्या संचाची, प्रत्येकी एक, आणि त्यातील ते पुएआंच्या पानावर नीलांबरीताईंचा आक्षेप जसाच्या तसा, कारण तो सर्वांत जास्त तिथेच लागू पडतो. उरलेल्या सहा पानांत कोव्हाइव्हाइ, १९९० चे दोन संच, भाषा वर्ष, किंगीतांगा, न्गारिमु आणि मातारिकी यांना जागा द्यायची आहे. कोव्हाइव्हाइ आणि १९३५ चा फलक एकाच पानावर घेतले तर ते बसते.

वायकाटोकाठ, न्गारुआवाहियाचा शिक्का असलेले १९८० चे पाकीट तिकडच्या एखाद्या टपाल तिकीट मंडळाच्या लिलावात दिसले तर कृपया कळवावे. शिक्का चेहऱ्यावर नसावा, एवढीच अट आहे.

वायकाटोकाठ

पुढच्या महिन्यात इथल्या मंडळाचा लिलाव आहे. पाकिटांची यादी हाती आली की याच धाग्यावर देतो.